मुलांचा मेंदूज्वर : 'सकाळी बघू' म्हणू नका

२०२४ च्या पावसाळ्यात 'चांदीपुरा' हे नाव रोज बातम्यांत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात, मुख्यतः गुजरातमध्ये, मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आढळले. त्यातले ८२ दगावले आणि ६४ जणांत चांदीपुरा विषाणू सापडला. पण हे नाव गुजरातचं नाही. १९६५ मध्ये हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात. म्हणजे आजार आपल्या विदर्भाच्या ओळखीचा आहे. आपणच त्याला विसरलो आहोत.

हा विषाणू पसरवते वाळूमाशी. ती डासाहूनही लहान असते आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठा, शेणाचा ढीग, ओल धरलेले कोपरे ही तिची घरं. मेळघाटातले पाडे असोत की अचलपूर, बाळापूर, पातूरच्या जुन्या वस्त्या, अशा भेगा कुठे नाहीत? त्या लिंपून घ्या, गोठा झोपायच्या जागेपासून लांब ठेवा, मुलांना रात्री अंगभर कपडे घाला. फवारणीवाले आले तर दार बंद करू नका.

चांदीपुरावर लस नाही, खास औषधही नाही. मेंदूवर जाणाऱ्या काही विषाणूंवर मात्र लस आहे. जपानी मेंदूज्वर डासांमुळे होतो. ज्या जिल्ह्यांत तो आढळतो तिथे सरकारी लस मोफत मिळते. गोवरही कधीकधी मेंदूपर्यंत जातो. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लस न घेतलेल्या मुलांना मोठा फटका बसला. त्या वस्त्या आपल्यासारख्याच होत्या. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर, दुसरा सोळाव्या महिन्यापासून. बाळाचं कार्ड आशाताईंना दाखवून कोणते डोस राहिलेत ते विचारा.

खरा प्रश्न वेळेचा आहे. चांदीपुरात ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत मूल हातचं जाऊ शकतं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. आपल्याकडे मात्र आधी मोहल्ल्यात सुई, मग दम केलेलं पाणी, मग 'सकाळी बघू'. या तिन्हीत रात्र निघून जाते. दुआ करायचीच आहे, ती गाडीत बसूनही होते.

जोराचा ताप आणि त्यासोबत उलट्या, झटके, मान ताठरणं, सुस्ती किंवा मूल ओळखेनासं होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका. अमरावतीचं इर्विन असो वा अकोल्याचं सर्वोपचार, मोठा दवाखाना लवकर गाठा. कारण ताप नागिणीच्या जातीच्या विषाणूचा असेल तर त्यावर औषध आहे, पण तेही वेळेत सुरू झालं तरच.

मस्जिद कमिट्यांना आमची विनंती आहे : पावसाळा लागण्याआधी एका जुम्याला ही लक्षणं लोकांना सांगा, आणि रात्री गाडी देऊ शकतील अशा चार जणांचे नंबर फलकावर लावा.