सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजतो. मग ज्याला जे बघायचं ते बघावं. २०२२च्या ऑगस्टमध्ये गावानं हे सुरू केलं. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हाती फोन आले, शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, अशी सरपंच विजय मोहिते यांची तक्रार होती. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडीसेविका दारोदार फिरल्या. बायकांच्या मालिकाही गेल्या, पुरुषांचं रील्स बघणंही.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी ग्रामपंचायतीनं अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मोबाइलबंदीचा ठराव केला. हेतू चांगलाच. पण बाप अंगठ्यानं स्क्रीन सरकवत ‘अभ्यासाला बस’ म्हणणार असेल, तर पोरानं का ऐकावं? मला वडगावचा मार्ग पटतो तो यासाठी, की तिथे थोरांनाही सूट नाही.

फोन सुटत नाही म्हणून आपण स्वतःच्या मनाला बोल लावतो. मनाचा दोष थोडा असेलही. पण समोरचा पडदा संपू नये अशीच त्याची रचना आहे. पूर्वी वेबपान संपायचं, ‘पुढे’ दाबावं लागायचं. दाबायच्या आधी क्षणभर विचार व्हायचा. २००६मध्ये आझा रास्किन या अमेरिकी डिझायनरनं न संपणारं पान बनवलं आणि तो क्षणच गेला. त्याला स्वतःलाही पुढे याची खंत वाटली. अशा यंत्रापुढे एकट्यानं निश्चय करणं अवघड. सगळ्या गावाचे फोन एकदम बंद झाले, की आपल्यावाचून काही घडत असेल ही धास्तीच उरत नाही.

ज्यांची झोप, नोकरी, शिक्षण फोनपायी बुडालंय, त्यांचं भोंग्यानं भागणार नाही. त्यांनी उपचार घ्यावेत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४पासून त्यासाठी वेगळं क्लिनिकच आहे.

बाकी आपण शहरातली माणसं सोसायटीच्या सभेत हा विषय काढू शकतो. अडचण वेगळीच येईल. रात्री आठला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ येतो आणि आईला फोन उघडावाच लागतो. तो गृहपाठ शाळेनं दुपारीच वहीत उतरवून द्यावा. याला ना ठराव लागतो, ना भोंगा; पालकसभेत चारजणांनी हट्ट धरला तरी पुरे.