सायंकाळचा एक तास

शाळा सुटल्याची घंटा झाली, म्हणजे मुलांच्या पायांना जणू पंख फुटतात. हे पाय पूर्वी मैदानाकडे धावत. आज नांदेड व लातूर या शहरांत ते पुष्कळदा शिकवणीच्या वर्गाकडे वळतात. वर्ग सुटतो तेव्हा दिवेलागण झालेली असते. मग साऱ्या दिवसात मुलांचा स्वतःचा असा वेळ तो कोणता?

शिकवणीवर्गांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मराठवाड्यातील बरीच शेती पावसाच्या भरवशावर चालते. २०१६ साली तर लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. असे दिवस पाहिलेल्या आईवडिलांना मुलांच्या शिक्षणाचा आधार वाटावा, हे स्वाभाविकच आहे. कसून अभ्यास करून घेणारा ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला, तोही उगाच नव्हे. परंतु तो दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी होता. ते ओझे सहावी-सातवीतील मुलांच्या पाठीवर कशासाठी? सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणीवर्गात प्रवेश देऊ नये, अशी सूचना केंद्र सरकारनेही जानेवारी २०२४ मध्ये दिली आहे.

कोणी म्हणेल, “खेळण्यात वेळ वाया जातो.” मला तसे वाटत नाही. शाळेत काय शिकावे, हे शाळा ठरविते. वर्गात काय सोडवावे, हे तेथील शिक्षक ठरवितात. खो-खोच्या मैदानात मात्र कोणाला खो द्यावयाचा, हे तुम्हांलाच क्षणार्धात ठरवावे लागते. तेथे डाव हरला तरी उद्या पुन्हा खेळावयाचे असते. भांडण झाले तरी ते आपणच मिटवावयाचे असते. हे शिक्षण कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही.

हा तास खेळातच घालवावा, असेही नाही. नांदेडला शीख मुले गतक्याचे हात शिकतात. कोणी तबल्यावर बसेल, कोणी चित्र काढील, कोणी वाचनालयाची वाट धरील. नांदेडचे नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाले होते. परंतु परीक्षेबाहेरचे त्यांचे वाचन कधी थांबले नाही. पुढे ते थोर विचारवंत म्हणून महाराष्ट्रात मान्यता पावले आणि पीपल्स कॉलेजचे प्राचार्यही झाले. परीक्षेची हेळसांड करावी, असा याचा अर्थ नव्हे. स्वतःच्या आवडीने केलेले वाचन माणसाला किती दूर नेते, एवढेच यातून घ्यावयाचे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाऊ मैदानावर जातो, तेव्हा पुष्कळ घरांत बहीण पाणी भरते, भांडी घासते. तिची सायंकाळ कोठे गेली, हे कोणी विचारीत नाही. भावाने निम्मे काम उचलले, तर दोघांनाही खेळावयास मिळेल. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली संमत केलेल्या बालहक्कांच्या करारात विश्रांती व खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. त्या हक्कात मुलगे व मुली असा भेद नाही.

मुलांनो, आईवडिलांकडे हट्ट धरू नका, त्यांच्याशी बोला. “सायंकाळचा एक तास आमचा असू द्या. दिवा लागताच आम्ही अभ्यासाला बसू,” असे त्यांना सांगा, आणि दिलेला शब्द पाळा. आपला एक तास नीट सांभाळता आला, म्हणजे पुढे सारा दिवस आपल्या हाती सोपविण्यास मोठी माणसे कचरणार नाहीत.