सांडपाण्याचे मोल

परसात मोरीचे पाणी जिथे मुरते, तिथे अळूचे पान हातभर रुंद होते, हे जुन्या गृहिणींना ठाऊक होते. आडावरून डोक्यावर आणलेली घागर अशी दोनदा कामास येई. पुढे नळ आले, गटारे झाली, आणि वापरलेल्या पाण्यास कोणी वाली उरला नाही.

वाया जाणाऱ्या पाण्याची किंमत नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या शेतकऱ्यांनी मात्र ओळखली. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकास त्यांची शेते. वरच्या गावांची तहान भागून उरेल तेच खाली पोहोचावयाचे, आणि बहुधा काही उरत नसे! बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या प्रयत्नांनी १९९१ च्या सुमारास येथे महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था कामास लागल्या. पाणी मोजून घ्यावे आणि पैसे चुकते करावेत, हा त्यांचा नियम. शिवाय नाल्यांवर बंधारे घालून त्यांनी जादा पाणी अडविले. ते भूमीत मुरले आणि विहिरींतून पुन्हा वर आले. जे वाहून जावयाचे, त्यावर द्राक्षांचे मळे पोसले गेले.

ज्यांना झिरपणाऱ्या पाण्याचाही हिशेब ठेवता येतो, त्या समाजाने गटाराच्या पाण्याचा हिशेब का ठेवू नये? हे पाणी शुद्ध करणे अशक्य नव्हे. जाळीने कचरा अडवावा, हौदात गाळ बसू द्यावा, मग हवा खेळवून सूक्ष्म जंतूंकरवी उरलेली घाण खाववावी. निसर्गाचेच हे काम, केवळ त्वरेने करविलेले. नागपूरचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्रास जाते. तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी वाचते. इस्राएलमध्ये तर बहुतेक सांडपाणी शुद्ध करून शेतीस देतात.

अशा पाण्याची शिसारी वाटणे स्वाभाविक आहे. पण नदीकाठच्या प्रत्येक गावाच्या वाट्यास वरच्या गावाने वापरलेले पाणी येतच असते, आणि तेही पुष्कळदा शुद्ध न केलेले. खरी शंका निराळी आहे. द्राक्षांचा बागाईतदार विचारील, "या पाण्यात क्षार किती? कारखान्याचे रसायन तर मिसळले नाही ना?" हा प्रश्न रास्त आहे, आणि केवळ आश्वासनाने त्याचे समाधान होणार नाही. कारखान्याचे पाणी घरगुती पाण्यापासून मुळातच वेगळे वाहिले पाहिजे, आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे गावाच्या चावडीवर सर्वांस वाचता येतील असे लावले पाहिजेत.