कुटुंबाचे आरोग्य : भाजल्या कातडीखालचे रक्त



लहानपणी माझ्या हातावर उकळत्या चहाचे पातेले पालथे झाले, तेव्हा आईने आधी निळ्या शाईची दौत शोधली. शाई ओतली, फुंकर घातली. तिला जे ठाऊक होते तेच तिने केले. आजही आपल्या वस्तीत कुणी शाई, कुणी टूथपेस्ट, कुणी हळद थापतो. चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ते भाजण्याच्या औषधालाही लागू आहे. या लेपाखाली उष्णता अडकते आणि डॉक्टरांना जखमेचा खरा रंग दिसत नाही.

रंगाला एवढे महत्त्व का? भाजलेली जखम किती पसरली याइतकेच ती किती खोल गेली हे पाहावे लागते. वरवरची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. खोल जखमेला तीन आठवड्यांहून अधिक लागतात, व्रण जाड होतो, कातडी आखडते, बोटे वाकडी राहतात. तेथे मांडीची कातडी काढून लावावी लागते. अडचण असते ती मधल्या जखमांची. पहिल्या दिवसांत अनुभवी सर्जनची नजरही चुकते. मग नको तेथे ऑपरेशन होते, नाहीतर हवे तेथे उशीर. जिचे घर चार घरची भांडी घासून चालते, तिची बोटे वळतात की नाही हा पोटाचा प्रश्न आहे.

खोलीची खूण रक्तात असते. कातडीत केसाहूनही बारीक वाहिन्यांचे जाळे आहे. त्या इतक्या अरुंद, की तांबड्या पेशी रांगेनेच पुढे सरकतात. जेथे या जाळ्यात रक्त खेळते आहे, तेथली कातडी जिवंत आहे. ते खेळते रक्त हात न लावता कसे पाहावे?

फलाटावर उभे राहून न थांबणाऱ्या फास्ट गाडीचा भोंगा ऐका. येताना सूर चढा, पुढे गेली की उतरलेला. प्रकाशाचेही तसेच आहे. कातडीवर मंद लेझर टाकला, तर स्थिर मांसावरून तो जसाच्या तसा परततो. धावत्या तांबड्या पेशीवरून परतताना त्याची कंपनसंख्या किंचित बदलते. अमेरिकेत मायकेल स्टर्न यांनी १९७५ साली याच बदलावरून कातडीतला रक्तप्रवाह मोजता येतो हे दाखवले. तेव्हा एका वेळी एकाच ठिपक्याचे माप मिळे. १९९३ साली स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी किरण जखमेवरून फिरवून पूर्ण भागाचा रंगीत नकाशा काढण्याची पद्धत मांडली.

भाजलेल्या जखमेच्या या नकाशात लाल भागात प्रवाह भरपूर असतो, म्हणजे तो लवकर भरेल. निळ्यात प्रवाह मंद, तेथे सर्जनने विचार करावा. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०११ साली, जखमेची खोली नजरेने ठरत नसेल तेव्हा हे यंत्र वापरावे अशी शिफारस केली.

यंत्र म्हणजे जादू नव्हे. पहिल्या ४८ तासांत ते फसवू शकते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसातली तपासणी चांगली. पोर रडून हलले की चित्र बिघडते. किरण वरच्या एक-दोन मिलिमीटरच्या थरातच पाहतो. गोंदण किंवा मलमाचा थरही आड येतो. म्हणजे आमच्या आईची शाई यालाही नडली असती!

यंत्र महाग आहे, प्रत्येक रुग्णालयात ते मिळणार नाही. पण नळ सर्वांकडे आहे. भाजताच अंगठी-बांगड्या काढा, वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडा, बर्फ नको. फोड फोडू नका, चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ कपडा सैल झाकून रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना विचारा, जखम वरवरची की खोल? नक्की सांगता आले नाही, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा दाखवायला जा. त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी जा.