परिषदेतील पंगत

वजन घटविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या नोकरदाराची खरी कसोटी लागते ती कार्यालयीन परिषदेत. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. उरलेल्या जागेत प्रथम प्रथिने जावी लागतात. रोज किमान ६० ग्रॅम. घास सावकाश चावावा लागतो; जेवताना पाणी वर्ज्य. परिषदेत मात्र चहा-बिस्किटे, पुरी, जिलेबी, घाईची सुट्टी आणि वर यजमानांचा आग्रह! वस्तुतः मोडाची उसळ, दही, उकडलेली अंडी आणि पाऊण तासाचा अवकाश यांस खर्च तो कितीसा? थोडके जेवणे हा यजमानांचा अवमान नव्हे, ते पथ्य होय, एवढे आयोजकांनी ओळखावयास हवे.