पडद्याची दोरी

स्नेहसंमेलन आले की आम्ही मास्तर मंडळी पांगळ्या मुलाच्या हाती पडद्याची दोरी देतो आणि त्याला ‘सहभाग’ म्हणतो! नाच त्याचा नव्हे, हे ठरविले कोणी? वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी वसविलेल्या आनंदवनात ‘स्वरानंदवना’चे अपंग कलावंत रंगमंच गाजवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात तर नृत्याचा उल्लेखच आहे. मग अडते कोठे? रांग सरळ दिसावी, या आमच्या हट्टापाशी! ‘पोर पडेल, लोक हसतील,’ म्हणे. धडधाकट पोरे पडत नाहीत काय? दिवाळीत आमच्या जिल्ह्यात गोंडांच्या वस्त्यांवर दंडारीचे ढोल घुमतात. त्या ठेक्यावर बसल्या जागी ज्याचे खांदे हलतात, तो नाचतोच आहे. गुरुजनहो, यंदा दोरी आपण ओढू. त्याला पुढे येऊ द्या.