विद्यापीठाचा जागल्या

पूर्वीं खेड्यांतून रात्रीं जागल्या गस्त घालीत असे. चोराची चाहूल लागतांच तो आरोळी ठोकी आणि गांव त्याच्या मदतीस धांवे. जें गांव चोरास सोडून जागल्यासच बडवील, त्या गांवांत पुढें कोणी आरोळी ठोकणार नाहीं, हें सांगावयास पंडित नको. विद्यापीठाच्या कचेरींत बसून जो कारकून वा अध्यापक गैरव्यवहार पाहतो आणि त्याची वर्दी देतो, तो आजचा जागल्याच होय. त्याच्या संरक्षणाची तजवीज काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

खानदेशाचें विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 रोजीं जळगांवीं स्थापन झालें. तत्पूर्वीं येथील कॉलेजें पुणें विद्यापीठास जोडलेलीं होतीं. आतां जळगांव, धुळें व नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेंत येतात आणि 2018 पासून तें कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव धारण करितें. त्या थोर स्त्रीस अक्षरओळख नव्हती. तिच्यासारख्याच शेतकरी घरांतील मुलें आज पदवीच्या आशेनें त्याच्या दारीं येतात. गुणपत्रिका हेंच त्यांचें भांडवल. गुणपत्रिकेंत खोट शिरली, तर सर्वांच्याच पदवीचा भाव उतरतो. कोणा एका विद्यापीठावर दोषारोप करण्याचा आमचा हेतु नाहीं; परंतु हें भय कल्पित नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या 1985 सालच्या एम्. डी. परीक्षेंतील गुणबदलाचें प्रकरण हायकोर्टांत गेलें आणि तेथील ताशेऱ्यांमुळें मार्च 1986 मध्यें मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांस पद सोडावें लागलें.

वर्दी देणाऱ्यास किती धीर धरावा लागतो, हें आमच्या घरचेंच उदाहरण सांगतें. जळगांवच्या घरकुल प्रकरणाची फिर्याद तत्कालीन पालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनीं फेब्रुवारी 2006 मध्यें दिली. धुळ्याच्या विशेष कोर्टानें 48 जणांस दोषी ठरविलें तें 31 ऑगस्ट 2019 रोजीं. पुढें अपिलें झालीं, तो भाग निराळा. फिर्यादी अधिकाराच्या खुर्चींत होता, तरी निकालास तेरा वर्षें लागलीं. परीक्षा विभागांतील सामान्य कारकुनानें तेरा वर्षें कोणाच्या आधारावर काढावीं ?

कायद्याचा आधार म्हणाल, तर तो अपुरा आहे. हमरस्त्यांच्या कामांतील गैरव्यवहार सत्येंद्र दुबे या तरुण इंजिनियरानें पंतप्रधानांस कळविला व आपलें नांव गुप्त ठेवावें अशी विनंति केली. तरी तें पत्र कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरलें. 27 नोव्हेंबर 2003 रोजीं गयेस त्यांचा खून झाला. कोर्टानें पुढें लुटारूंस दोषी धरलें. परंतु नांव फुटल्याची चूक त्यानें पुसली जात नाहीं. यानंतर 21 एप्रिल 2004 रोजीं केंद्र सरकारनें वर्दी देणाराचें नांव राखण्याचा ठराव केला. पण तो केंद्राच्या कचेऱ्यांपुरता. राज्याच्या विद्यापीठांस तो लागू नाहीं. 2014 सालीं संसदेनें व्यापक कायदा केला, तो अंमलांत आला नाहीं. 2023 च्या नियमांन्वयें विद्यापीठांत लोकपाल नेमावयाचा, तो विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठीं. कारकुनास कोणतें दार उघडें आहे ?

कोणी म्हणतील कीं, अशानें निनावी पत्रांचा सुळसुळाट होईल व सज्जनांची नालस्ती होईल. हा आक्षेप वाजवी आहे. परंतु निनावी आणि गुप्त यांत महदंतर आहे. निनावी पत्राची जबाबदारी कोणीच घेत नाहीं. गुप्त वर्दींत नांव असतें; तें एकास ठाऊक असतें व बाकीच्यांस नसतें. आमचे व्यापारी बंधु हें नित्य करितात. तराजूंत लबाडी होते असें दुकानांतील पोऱ्यानें सराफाच्या कानीं घातलें, तर शहाणा सराफ तराजू तपासतो. पोऱ्याचें नांव मुनिमास सांगत सुटत नाहीं.

तेव्हां आमची सूचना अशी. वर्दी घेणारा अधिकारी विद्यापीठाच्या पगारावरचा नसावा. निवृत्त न्यायाधीश असल्यास उत्तम. नांव मोहोरबंद लखोट्यांत त्याच्याचपाशीं रहावें आणि चौकशीस केवळ क्रमांक जावा. हस्ताक्षरावरून व एकट्यासच ठाऊक असलेल्या बारकाव्यांवरूनहि मनुष्य ओळखतां येतो. म्हणून मूळ पत्र पुढें न धाडतां त्याचा गोषवारा धाडावा. ठरलेल्या मुदतींत उत्तर मिळावें. वर्दीनंतर बदली वा निलंबन झाल्यास, तें सूडबुद्धीनें केलें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार वरिष्ठावर असावा. जाणूनबुजून खोटें लिहिणाऱ्यास शिक्षा असावी. प्रामाणिकपणें चुकणाऱ्यास नसावी.

यांतील पुष्कळसें दिल्लीची वाट न पाहतां विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेस एका ठरावानें करितां येईल. खर्च म्हणावा तर एका कुलुपबंद पेटीचा व एका निःस्पृह गृहस्थाच्या मानधनाचा. ज्यांचीं मुलें तेथें शिकतात व ज्यांच्या पेढ्यांवर तेथील पदवीधर नोकरीस येतात, त्या नागरिकांनीं हा ठराव मागून घ्यावा. आरोळी ऐकूं यावी असें ज्यांस वाटतें, त्यांनीं प्रथम जागल्यास अभय द्यावें.